रोलर तपासणी, शुक्रवार अकरा

राहुकाळाला मी ‘मटेरियल व्हेरिफिकेशन’ असं नाव दिलं होतं. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार, बुधवारी बारा ते दीड, गुरुवारी दीड ते तीन, शुक्रवारी साडेदहा ते बारा, शनिवारी नऊ ते साडेदहा. सरांच्या कॅलेंडरमध्ये रोज दीड तासाची एक करडी चौकट, दर आठवड्याला आपोआप उगवणारी. अकाउंटला नवीन लागलेल्या मुलीनं एकदा विचारलं, “मॅडम, सर रोज वेगवेगळ्या वेळेला कुठलं मटेरियल बघतात?” मी म्हटलं, “कागद.” आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, त्यामुळे ते उत्तर खपून गेलं.

सर म्हणजे कारखान्याचे मालक. कामगार त्यांना शेठ म्हणतात, ऑफिसात आम्ही सर म्हणतो, आणि मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान असूनही ते मला ताई म्हणतात. अंबडच्या एमआयडीसीत शेड आहे, द्राक्षांची, डाळिंबांची, टोमॅटोची खोकी बनवतो. मी तिथं एकोणीस वर्षं आहे. ‘तुमचा राहुकाळावर विश्वास आहे’ असं कुणी म्हटलं की सरांना राग यायचा. विश्वास नाही, पण उगाच कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. पण खरं सांगायचं तर ‘उगाच कशाला’ म्हणणाऱ्या घरातच मीही वाढलेय. पंचवटीत राहणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आधी सरांची लाल डायरी होती. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला, तो जाताना हे कॅलेंडर लावून गेला. माझ्या कॉम्प्युटरवर, सरांच्या फोनवर, शेडमधल्या सुपरवायझरच्या फोनवर, घरी वहिनींच्या फोनवर आणि त्याच्या स्वतःच्या फोनवर. वहिनी म्हणजे सरांच्या मिसेस. गिऱ्हाइकांना सरांची रिकामी वेळ दिसायची आणि ते स्वतःच मीटिंग लावायचे. पहिल्याच आठवड्यात एका पार्टीनं शुक्रवारी अकराची वेळ घेतली. सर बारा वाजेपर्यंत केबिनमधून उतरले नाहीत आणि तो बिचारा माझ्यासमोर तीन चहा पिऊन बसला. त्या दिवशी मी करड्या चौकटी तयार केल्या.

सरांनी स्वतः ते कॅलेंडर कधी उघडलं नाही. सकाळी येऊन माझ्या टेबलाशी उभे राहायचे आणि विचारायचे, “ताई, आज काय?” मी वाचून दाखवायचे. सगळ्यात जास्त ते बघायच्या वहिनी. भात कधी टाकायचा ते त्यांना त्यावरून कळायचं. साडेबाराची मीटिंग असली की मला फोन, “ताई, लांबणार का हो?” दोघांचा दिवस माझ्या माऊसखाली होता, आणि मला ते आवडायचं. कशाला खोटं बोलू?

गणपतीचे दिवस होते. सर ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणून सकाळी गेले ते जेवणाच्या सुट्टीनंतर आले. त्यांची केबिन वर आहे, लोखंडी जिन्यानं जावं लागतं. ते चढून गेले आणि थोड्या वेळानं इंटरकॉम वाजला. मी वर गेले तर म्हणाले, “दार लावा.” एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी दार लावायला सांगितलं नव्हतं. माझ्या मनात आलं, चला, गेली नोकरी.

ते बँकेत गेलेच नव्हते. महिनाभर चालताना छाती आवळल्यासारखी होत होती, म्हणून कुणाला न सांगता हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथं त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं आणि थोड्याच वेळात डॉक्टरांनी स्वतः पट्टा बंद केला. अँजिओग्राफी करू, गरज पडली तर तिथंच स्टेंट टाकू, पण उशीर करू नका, शुक्रवारी अकरा वाजता दाखल व्हा, असं सांगितलं. सर हे सगळं खोक्यांची ऑर्डर सांगावी तसं सांगत होते. मग खिशातून बारक्या गोळ्यांची एक पट्टी काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

“अशी एक माझ्याकडे आहे. ही तुमच्याकडे असू द्या. मला काही झालं तर जिभेखाली ठेवायची.”

मी ती पट्टी हातात घेतली. मला बीकॉमला हे शिकवलं नव्हतं.

“वहिनींना कुणी सांगायचं?” मी विचारलं.

“तिला सांगायचं नाही,” सर म्हणाले. वहिनींचा धाकटा भाऊ अशाच तपासणीला गेला आणि टेबलावरून परत आला नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. “होऊन गेलं की सांगू. तुम्ही कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर कुणीतरी त्याच वेळेला मीटिंग लावील. पण नाव दुसरं द्या.”

मी खाली आले आणि नोंद केली. नाव दिलं ‘रोलर तपासणी’. पुठ्ठा बनवायच्या मशीनला मोठे गरम रोलर असतात, ते अधूनमधून तपासावेच लागतात, कुणी विचारायला येणार नव्हतं. शुक्रवार, अकरा ते एक. एंटर दाबलं आणि ती हिरवी चौकट करड्या चौकटीवर जाऊन अर्धी चढली. साडेदहा ते बारा. कॅलेंडरची काही तक्रार नव्हती. माझा हात मात्र सवयीनं इंटरकॉमकडे गेला.

“सर, शुक्रवारी अकरा म्हणजे…”

मी पुढं बोलले नाही. मग सर म्हणाले, “अरे हो. लक्षातच नाही आलं माझ्या. मग पुढं घ्या ताई, पुढच्या मंगळवारी सकाळी बघा.” आज शाळेला सुट्टी आहे असं सांगितल्यावर मुलं बोलतात तसा त्यांचा आवाज हलका झाला होता.

हे मी केलं. त्यांनी राहुकाळाचं नाव काढलं नव्हतं, डॉक्टरांनी दिलेली वेळ निमूट घेऊन आले होते. मी गप्प बसले असते तर ते शुक्रवारी गेले असते. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट वेळेवर लक्षात आलं म्हणून बरंच वाटलं.

पुढचा मंगळवार पितृपंधरवड्यात आला. पितृपंधरवड्यात माणूस नवीन खुर्चीसुद्धा घेत नाही, तर हे कसं करणार. मग नवरात्र. घट बसलेले, घरात अखंड दिवा, वहिनींचे उपवास. दसऱ्यानंतरची तारीख घेतली तेव्हा सटाण्याकडच्या लवकरच्या द्राक्षांच्या खोक्यांची ऑर्डर आली आणि सर म्हणाले, या धांदलीत कसा आडवा पडू. मग दिवाळी होतीच. दर वेळी ते जिन्यातून उतरता उतरता हळूच म्हणायचे, “ताई, ते जरा पुढं.” मी माऊसनं ती हिरवी चौकट धरायची आणि पुढच्या आठवड्यात नेऊन सोडायची. एका बोटाचं काम. डायरीत असती तर खोडावी लागली असती, खाडाखोड दिसली असती, आपली आपल्यालाच लाज वाटली असती. इथं मागे काहीच राहत नव्हतं. जणू ती तारीख कधी नव्हतीच.

भीती मला एकदम नाही वाटली, ती आत झिरपत गेली. पहिल्यांदा मला जिना ऐकू यायला लागला. सर चढायला लागले की माझं टायपिंग थांबायचं. मी पायऱ्या मोजायचे. आधी ते एका दमात जायचे, दसऱ्याच्या सुमारास अध्येमध्ये थांबायला लागले. त्या थांबण्यात माझा जीव टांगणीला लागायचा. पुढचं पाऊल वाजलं की मी श्वास सोडायचे आणि अकाउंटची मुलगी माझ्याकडे बघायची. गोळ्यांची पट्टी मी ड्रॉवरमध्ये, स्टॅम्पपॅडच्या डबीखाली ठेवली होती. दिवसातून चारदा ड्रॉवर उघडून ती आहे ना ते बघायचे.

त्या नोंदीला मी एक दिवस आधीची आठवण लावून ठेवली होती. संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना फोन थरथरायचा, ‘उद्या: रोलर तपासणी’. उद्या काही होणार नाही, उद्या सकाळी मी ते पुढं ढकलणार, हे मला ठाऊक असायचं. तरी हातातलं लाटणं थांबायचं. नवरा विचारायचा, “कोणाचं काय?” मी म्हणायचे, “मीटिंग.” नवऱ्याला न सांगितलेली ही माझ्या संसारातली पहिली गोष्ट. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत दुसऱ्याचा जीव असला की हात अवघडतो.

सुपरवायझर दिंडोरीकडचा, तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. तो एकदा फोन घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “ताई, ही रोलर तपासणी कोण करनार हाय? मी दोनदा मशीन थंड करून ठिवली. कुनी आलंच नाय.”

“कंपनीचा माणूस येणार होता, त्याचं पुढं गेलं,” मी म्हटलं.

“रोलरला काय झालंय? मला तर बरा दिसतोय. आन् खराब असंल तर असं ढकलत राहून कसं चालंल? एक दिवस चालू मशीनमधी जागच्या जागी बसंल.”

तो बिचारा रोलरबद्दलच बोलत होता. पण चोराच्या मनात चांदणं. मी त्याला “तुमचं काम बघा” असं तोडून बोलले आणि तो गेल्यावर पुन्हा ड्रॉवर उघडून पट्टी बघितली.

तारीख बदलायला हॉस्पिटलला फोनही मलाच करावा लागायचा. तिथल्या काउंटरवरची मुलगी गोड बोलायची, पण पाचव्या वेळी तिचा आवाज बदलला. “मॅडम, फाइलवर डॉक्टरांनी लवकर करा म्हणून लिहिलंय. तुम्ही पेशंटच्या कोण?”

“मी त्यांच्या ऑफिसातून बोलतेय.”

“घरचं कुणी नाहीये का?”

मी म्हटलं, “आहे. बाहेरगावी आहेत.” वहिनी त्या वेळी चार किलोमीटरवर गंगापूर रोडच्या घरात दिवाळीची चकली तळत होत्या. तासाभरापूर्वीच त्यांनी मला विचारलं होतं, ताई, तुमच्याकडे किती पाठवू?

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरचा गुरुवार होता. दिंडोरीला एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं निवडून खोक्यांत भरतात तिथं, साडेचारला मीटिंग होती. तीनला ‘मटेरियल व्हेरिफिकेशन’ संपलं आणि सव्वातीनला सर निघाले. ड्रायव्हर गावी गेला होता, म्हणून स्वतः गाडी घेऊन गेले. पाच वाजता पॅकहाऊसमधून फोन आला. “शेठ निघाले ना? आम्ही वाट बघतोय.”

मी सरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कॅलेंडरमध्ये आत्ताची वेळ दाखवणारी एक बारीक लाल रेघ असते, ती दिंडोरीच्या चौकटीतून खाली सरकत होती. मी ड्रॉवर उघडला. पट्टी तिथंच होती, माझ्याकडे. त्यांची पट्टी त्यांच्याकडे होती का? आजच्या शर्टात की कालच्या? मला कसं कळणार? वहिनींना फोन लावायला घेतला आणि ठेवला. काय सांगणार होते? सर फोन उचलत नाहीत एवढंच? की त्यांनी का उचलला नसेल तेही?

शेवटी शेडमध्ये जाऊन सुपरवायझरला म्हटलं, “दिंडोरी रोडनं जाऊन बघता का? सरांची गाडी कुठं उभी आहे का बघा.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “जातो. पन झालंय काय ताई?”

“जा तुम्ही आधी.”

तो मोटारसायकल काढून गेला. पुढचा पाऊण तास मी कसा काढला ते सांगता येणार नाही. मी खुर्चीत बसले नाही एवढं आठवतं. पावणेसहाला फोन वाजला. सरांचं नाव.

“ताई, मीटिंग पुढं ढकला,” सर म्हणाले. आवाज खोल गेलेला.

“कुठं आहात सर?”

“रस्त्यातच. झाडाखाली गाडी लावलीय. जरा घाम फुटला. गोळी ठेवली, आता बरंय.” थोडं थांबून म्हणाले, “हिला काही बोलला नाहीत ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“बरं केलंत.”

बरं केलंत. मला इतका राग आला की भीती वाटायची तेवढा वेळ थांबली. त्यांचाही आला आणि माझाही. तोवर सुपरवायझर त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, तो त्यांना गाडीत शेजारी बसवून परत आणत होता. मी हॉस्पिटलला फोन केला. तीच मुलगी होती. म्हणाली, “उद्या एक वेळ रिकामी झालीय. अकरा वाजता. नाहीतर पुढच्या बुधवारी.”

उद्या शुक्रवार.

“उद्या अकरा,” मी म्हटलं.

कॅलेंडर उघडून मी आधी शुक्रवारची करडी चौकट काढायला घेतली. त्यानं विचारलं, फक्त ही काढायची की यापुढच्या सगळ्या? मी ‘फक्त ही’वर दाबलं. सगळ्या काढायची छाती मला झाली नाही. मग ‘रोलर तपासणी’ पुढच्या महिन्यातून ओढून मागे आणली. नाव खोडलं आणि लिहिलं, ‘सरांची अँजिओग्राफी’. हॉस्पिटलचा पत्ता घातला. पाहुण्यांच्या रकान्यात वहिनींचं नाव टाकलं. सुपरवायझरला दिसणार होतं, मुलाला दिसणार होतं. दिसू दे.

आता फक्त ‘पाठवा’ दाबायचं होतं आणि बोट पुढं जाईना. नोकरी जाईल ही भीती होती. वहिनींचं काय होईल ही होती. पण या दोन्ही मला सोसण्यासारख्या वाटल्या. खरी भीती तिसरीच होती. वहिनींचा भाऊ टेबलावरून परत आला नव्हता. सर नाही आले तर? तर त्यांना तिथं पाठवणारी मी, तेही राहुकाळात, स्वतःच्या हातानं चौकट काढून. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं हसत होते ती आता माझ्या मानगुटीवर बसली होती. बुधवारपर्यंत थांबावं, पाच दिवसांनी काय होतंय, असंही मनात येऊन गेलं. पाच दिवसांनी काय होतंय हाच विचार मी गणपतीपासून करत होते. मी डोळे मिटून दाबलं.

काही मिनिटांत वहिनींचा फोन आला. “ताई, हे काय आहे?”

मी सगळं सांगितलं. पट्टा, गोळ्या, आजची गाडी, झाडाखालचा घाम. मागे कुकर शिट्ट्या देत होता, त्यांनी तो बंद केला नाही.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“गणपतीपासून.”

मग त्या म्हणाल्या, “म्हणजे ती रोलर तपासणी.” हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. “मी बघायचे. पुढं गेली, परत पुढं गेली. एवढं मशीन बिघडलंय तर हे बोलत का नाहीत, असं वाटायचं.” आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं स्क्रीनवर त्यांच्या नावापुढं ‘हो’ आलं.

शुक्रवारी मी देव पाण्यात घालून बसले. खरोखरचे नाही, पण घरून निघताना देवघरापुढं थांबले आणि काय मागावं ते सुचलं नाही, इतकी घाबरले होते. साडेदहा वाजले, अकरा वाजले. लाल रेघ हिरव्या चौकटीत शिरली. मी त्या दिवशी दुसरं काही केलं नाही, ती रेघ बघत बसले. ती सरकताना दिसत नाही. नजर काढून पुन्हा बघितलं की पुढं गेलेली असते. सुपरवायझर एकदा चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवून गेला. एक वाजता रेघ चौकटीतून बाहेर पडली. कॅलेंडरच्या हिशेबानं सगळं झालं होतं, चौकट फिकी पडली. फोन मात्र नाही. दीड वाजला. दोन वाजले. सगळ्यांनी डबे खाल्ले, मी उघडला नाही. काय काय मनात आलं ते लिहायचीसुद्धा मला भीती वाटते.

दोन वाजून वीस मिनिटांनी वहिनींचा फोन आला. “दोन स्टेंट टाकले. एक नळी जवळजवळ बंदच होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर सांगता येत नव्हतं. आता बोलतायत.” मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

सोमवारी कॉम्प्युटर चालू केला तर सरांचं कॅलेंडर नव्हतं. करडं नाही, हिरवं नाही, कोरा आठवडा. मला वाटलं नेट गेलंय. सुपरवायझरला विचारलं तर त्याच्या फोनवर दिसत होतं. मग मी वहिनींना फोन केला.

“मुलाला सांगून मी काढलं ते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “शेवटी तुम्ही सांगितलंत, ते उपकार मी विसरणार नाही ताई. पण दोन महिने तुम्ही मला रोज खोटं दाखवत होतात आणि मी ते बघून भात टाकत होते. आता ह्यांचं मीच बघेन.”

सरांनी खोटं बोलायला सांगितलं हे खरं, पण त्या खोट्याला नाव मी दिलं होतं.

सर महिन्यानं कामावर आले. मला डिस्पॅचचं काम दिलं होतं, म्हणजे कुठल्या गाडीत कुठली खोकी जाणार ते बघायचं. सर नमस्कार करायचे, पण माझ्या टेबलाशी थांबायचे नाहीत. “आज काय?” ते आता घरूनच विचारून यायचे.

फेब्रुवारीत, द्राक्षांच्या ऐन हंगामात, एके दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“ताई, शुक्रवारी परत तपासणी आहे. पट्ट्यावर चालवणार आहेत.”

“हो का,” मी म्हटलं.

“शुक्रवारीच विंचूरची गाडी भरायचीय ना? मोठी ऑर्डर आहे.” ते इकडं तिकडं बघत होते. “तुम्ही हिला एक फोन करा. म्हणावं, सरांना इथं थांबावंच लागेल. तुमचं ऐकेल ती.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काहीतरी बोलावं म्हणून. मग मला कळलं की गणपतीतही ते असेच बघत असणार. तेव्हा मध्ये इंटरकॉम होता, मला दिसलं नव्हतं. ज्या माणसानं एकोणीस वर्षं शुक्रवारी साडेदहा ते बारा पायरी ओलांडली नाही, तो अकराची वेळ घेऊन येतो आणि त्याच्या लक्षात येत नाही? त्यांच्या सगळं लक्षात होतं, आणि मी न राहवून बोलणारच हेही. मी बोललेच.

“गाडी मी भरून घेईन सर,” मी म्हटलं. “तुम्ही जा.”

ते हलले नाहीत. मालक माणूस, माझा पगार देणारा, माझ्या टेबलाची कड धरून उभा होता. हळूच म्हणाले, “भीती वाटते हो ताई. तो पट्टा सुरू झाला की भीती वाटते.”

“मलाही वाटते,” मी म्हटलं. “पण मी फोन करणार नाही.”

ते टेबलाची कड सोडून गेले. मागून मला धडकी भरली, आपण मालकाला नाही म्हटलं म्हणून.

शुक्रवारी सकाळी सर आले नाहीत. तपासणीला गेले होते की कुठं नातेवाइकांकडे जाऊन बसले होते, मला कळायचा काही मार्ग नव्हता. माझ्याकडे बघायला काही नव्हतं. मी विंचूरच्या गाडीपाशी उभी राहिले, खोकी चढत होती, आणि फेब्रुवारीच्या उन्हात माझे हात गार होते. बारा वाजले, दोन वाजले. वहिनींना फोन करावा असं दहा वेळा वाटलं, दहा वेळा फोन परत पर्समध्ये टाकला. चारच्या पुढं सुपरवायझर फोन कानाला लावून शेडमधून बाहेर आला.

“शेठ हायेत,” तो मला म्हणाला. “हॉस्पिटलातून निघाले म्हनतेत. विंचूरची गाडी भरली का इचारतेत.”

मी गाडीच्या फळीला हात टेकला.

“भरली म्हणावं,” मी म्हटलं.